आंदोलनातून पक्षाकडे : शरद जोशी यांच्या राजकीय वाटचालीचा प्रकरण अभ्यास

अभ्यासाचा विषय

शेतमालाच्या भावासाठी लाखो माणसे रस्त्यावर आणणाऱ्या नेत्याने आणि त्याच्या संघटनेने निवडणुकीच्या राजकारणात उतरावे का, आणि उतरायचे तर कोणत्या मार्गाने, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्यापुढे तो १९८० नंतरच्या पंचवीस वर्षांत वारंवार आला आणि दर वेळी त्यांनी त्याचे वेगळे उत्तर दिले. सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची नावे येथे दिली आहेत, गावपातळीवरील कार्यकर्त्यांची दिलेली नाहीत. संपूर्ण चरित्र सांगण्याचा हेतू नाही. ज्या वळणांवर निर्णय घ्यावे लागले, त्या वळणांपुरताच हा मजकूर मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

शरद जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्याला झाला. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. १९५८ मध्ये ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले आणि १९६८ पासून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे विश्व टपाल संघात अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते भारतात परतले आणि पुणे जिल्ह्यातील चाकणजवळच्या आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन त्यांनी स्वतः शेती सुरू केली. जन्माने शेतकरी नसलेला हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर शेतकरी झाला, आणि त्यांच्या पुढच्या मांडणीचे मूळ मला याच गोष्टीत दिसते. बियाणे, खत, पाणी, मजुरी, घरच्या माणसांचे श्रम आणि गुंतवलेल्या पैशावरचे व्याज असा सगळा खर्च त्यांनी एखाद्या कारखान्याच्या हिशेबनिसासारखा मांडला, आणि काटकसर किंवा कष्ट कितीही वाढवले तरी हाती येणारा भाव हा खर्च भरून काढत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्या वहीतून काढला.

त्याच सुमारास कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि चाकणच्या बाजारात भाव कोसळले. कांदा उत्पादकांनी रस्ता अडवला आणि नाफेड या देशपातळीवरील सहकारी खरेदी-विक्री संस्थेला खरेदीत उतरावे लागले. १९७९ मध्ये चाकण येथे शेतकरी संघटना स्थापन झाली. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि ऊस उत्पादकांनी रस्ते व रेल्वे रोखल्या, खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि उसाला टनामागे ३०० रुपयांची मागणी महाराष्ट्रभर पोचली. १९८१ मध्ये निपाणी येथे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन काही आठवडे चालले आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मरण पावले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा या काळात गावोगावच्या भिंतींवर दिसू लागली.

या सर्व आंदोलनांत एक शिस्त होती. मागणी एकच, शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. जमीनवाटप, जातीय मागण्या, कर्जाच्या तक्रारी, गावातील जुने वाद हे सारे व्यासपीठाबाहेर ठेवले जात होते. त्यामुळे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गटांचे शेतकरी एकाच सत्याग्रहात शेजारी बसत. मी मते मागायला आलो तर मला जोड्याने मारा, असे जोशी त्या काळात जाहीरपणे सांगत, आणि हे वाक्य पुढे त्यांच्या विरोधकांनी कधी विसरू दिले नाही.

समस्या

आंदोलनाने भाव वाढवून मिळे, परंतु पुढच्या हंगामात तोच प्रश्न पुन्हा उभा राही, कारण भाव पाडणारी साधने दिल्लीत होती. निर्यातबंदीचा आदेश, गरज पडली की परदेशातून होणारी आयात, साखर कारखान्यांवरची लेव्ही (म्हणजे सरकारला ठरलेल्या कमी दराने द्यावी लागणारी साखर), १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील साठ्याच्या मर्यादा यांपैकी कशावरही चाकणचा किंवा पिंपळगावचा रस्ता अडवून कायमचा तोडगा निघत नव्हता. उलट महाराष्ट्रापुरते पाहिले तर कापूस एकाधिकार खरेदी योजना, जिच्याखाली कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकता येई, आणि बाजार समित्यांचा कायदा राज्य सरकारच्या हाती होते. म्हणजे धोरण बदलायचे तर विधानसभा आणि संसद या दोन्ही ठिकाणी हात पोचणे आवश्यक होते.

दुसरी अडचण अधिक खोल होती. शेतकरी बाजारात माल विकणारा म्हणून येतो तेव्हा तो काही काळ माल रोखू शकतो आणि त्याच्या शेजाऱ्याचे हित त्याच्या हिताशी जुळलेले असते. तोच शेतकरी मतदान केंद्रावर जातो तेव्हा त्याच्यासोबत सोसायटीचे पीककर्ज, साखर कारखान्याच्या ऊसतोडीची पाळी, जिल्हा बँकेतील मुलाची नोकरी, गावातील पाण्याची योजना आणि जातीचे नातेही जाते. कारखान्याच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिले आणि तोड महिनाभर लांबली, तर उसाचे वजन घटते आणि रानात पुढचे पीक घेता येत नाही. ज्या सहकारी यंत्रणेविरुद्ध आंदोलन होते, तिच्याच हाती शेतकऱ्याचा वर्षभराचा व्यवहार होता. सभेला लाख माणसे येतात आणि मतपेटीत त्याचा अंशही दिसत नाही, याचे कारण अनेकदा शेतकऱ्याचे अज्ञान किंवा कृतघ्नता असे सांगितले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. मत देणारा माणूस स्वतःच्या जोखमीचा हिशेब चोख मांडत होता.

समोर असलेले पर्याय

संघटनेपुढे ढोबळपणे चार मार्ग होते. पहिला, निवडणुकीपासून पूर्ण अलिप्त राहून प्रत्येक हंगामात आंदोलन करणे. दुसरा, स्वतः उमेदवार उभे न करता सत्ताधारी पक्षाला पाडण्यासाठी विरोधकांना पाठिंबा देणे. तिसरा, दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर आपले निवडक कार्यकर्ते उभे करणे. चौथा, स्वतःचा पक्ष काढणे. पाचवा मार्ग आरंभी कोणाच्या विचारात नव्हता, तो म्हणजे युतीच्या मतांवर राज्यसभेत जाणे. हे मार्ग एकमेकांना वगळणारे होते असे नाही, पण प्रत्येक मार्गाने संघटनेकडून वेगळी किंमत घेतली.

पाठिंबा, पण उमेदवारी नाही

१९८४ च्या परभणी अधिवेशनापासून संघटनेने राजकीय भूमिका उघडपणे घेतली. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील विरोधी आघाडीच्या बाजूने ती उभी राहिली. या निर्णयामागचा तर्क सरळ होता. सत्ताधाऱ्यांना मते गमावण्याची भीती वाटल्याशिवाय भाव मिळणार नाही, आणि भीती निर्माण करायला स्वतः निवडून येण्याची गरज नाही. परंतु १९८६ च्या अखेरीस पवार स्वतः काँग्रेसमध्ये परतले. ज्यांच्यासाठी कार्यकर्त्यांनी गावातील वैर पत्करले होते तेच समोरच्या बाजूला गेल्यावर, पाठिंब्याच्या बदल्यात नेमके काय मिळणार आणि ते न मिळाल्यास काय करायचे, याची कोणतीही लेखी तरतूद संघटनेकडे नव्हती हे उघड झाले.

याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि त्याला लाखभराहून अधिक स्त्रिया आल्या. हा प्रसंग मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा वाटतो. तेथून स्त्रियांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका लढवण्याचा विचार पुढे आला, आणि विटनेर व मेटीखेडा यांसारख्या गावांत महिलांच्या पॅनेलनी ग्रामपंचायती हाती घेतल्या. पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावावर करून दिला. सात-बारावर बाईचे नाव लागणे ही गोष्ट तलाठ्याच्या दप्तरात आजही तपासता येते. त्या काळी एखाद्या आंदोलनाने मोर्चा संपल्यावर इतका टिकाऊ कागद मागे ठेवल्याची उदाहरणे थोडी आहेत. निवडणुकीच्या राजकारणात संघटना सर्वांत कमी विरोधाने आणि सर्वांत खोलवर जिथे पोचली, ती पातळी गावाची होती.

दुसऱ्याच्या चिन्हावर

राष्ट्रीय पातळीवर पोचण्यासाठी अन्य राज्यांतील संघटनांची जुळणी करण्याचा प्रयत्न झाला. २ ऑक्टोबर १९८९ रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर भरलेल्या मेळाव्यात उत्तर प्रदेशातील शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांच्या अनुयायांशी व्यासपीठावरून संघर्ष झाला आणि देशभरातील शेतकऱ्यांची एक आघाडी उभी राहण्याची आशा तेथे मावळली. उत्तर प्रदेशातील ऊस व गहू पिकवणारा, खाप (म्हणजे कुळ-गोत्राच्या) पंचायतींच्या बांधणीतून आलेला शेतकरी आणि नाशिकचा कांदा पिकवणारा शेतकरी यांना एका मागणीवर आणता येईल, पण एका नेतृत्वाखाली आणणे अवघड आहे, हा त्या दिवसाचा धडा होता.

१९९० च्या विधानसभा निवडणुकीत संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर उभे राहिले आणि त्यांतील काही निवडून आले. वामनराव चटप, सरोज काशीकर, मोरेश्वर टेमुर्डे ही त्यांपैकी ठळक नावे. टेमुर्डे पुढे विधानसभेचे उपाध्यक्षही झाले. हे यश बहुतांशी विदर्भातील होते, म्हणजे कापसाच्या पट्ट्यातील, जिथे साखर कारखानदारीची पकड पश्चिम महाराष्ट्राइतकी घट्ट नव्हती.

याच काळात विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने जोशी यांना कृषिविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्षपद दिले, त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा होता. दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाची माफी याच सरकारने १९९० मध्ये जाहीर केली. समितीने राष्ट्रीय कृषिनीतीचा मसुदा तयार केला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकार कोसळले आणि मसुदा मागे पडला. आंबेठाणच्या शेतातून सुरू झालेला प्रवास मंत्र्याच्या दर्जापर्यंत पोचायला एक तपाहून थोडाच अधिक काळ लागला होता. परंतु जी खुर्ची दुसऱ्याच्या बहुमतावर उभी असते ती त्या बहुमताबरोबर जाते.

स्वतःचा पक्ष

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणाने संघटनेची कसोटी लागली. देशातील बहुतेक शेतकरी नेते डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्याच्या, विरोधात होते. कर्नाटकातील नंजुंडस्वामी यांनी तर त्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. जोशी यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नसून निर्यातबंदी आणि नियंत्रित भाव यांद्वारे त्याच्याकडून काढूनच घेते, म्हणजे ही उणे सबसिडी आहे, म्हणून खुली बाजारपेठ शेतकऱ्याच्या हिताची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्यांच्या आधीच्या मांडणीशी पूर्णतः सुसंगत होता. आंबेठाणच्या हिशेबवहीतूनच तो निघाला होता.

१९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन झाला. राजगोपालाचारी यांच्या स्वतंत्र पक्षाचा वारसा त्याने नावातच घेतला होता. सरकारचे क्षेत्र कमी करावे, व्यापार खुला करावा, परवाने आणि नियंत्रणे काढावीत, असा त्याचा कार्यक्रम होता. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार पराभूत झाले आणि स्वतः जोशीही निवडून येऊ शकले नाहीत.

या निर्णयाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘कांद्याला भाव द्या’ ही मागणी आणि ‘सरकारने बाजारातून बाहेर पडावे’ हा सिद्धांत यांच्यात तर्काचा धागा सरळ आहे, पण मतदाराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मागणीत सरकारने काहीतरी करायचे असते, दुसऱ्यात सरकारने काही न करायचे असते. कापूस उत्पादकाला एकाधिकार खरेदी योजनेचा जाच होत होता हे खरे, तरीही भाव पडलेल्या वर्षी हमीभावाने कापूस घेणारे केंद्र उघडावे अशीही त्याची अपेक्षा असे. आंदोलनात हा विरोधाभास झाकला जाई, कारण तिथे आकड्यावर एकमत पुरेसे होते. पक्षाच्या जाहीरनाम्यात तो उघडा पडला. शिवाय १९९० मध्ये निवडून आलेल्या कार्यकर्त्यांचे मतदारसंघ बांधून घेण्याऐवजी एकाच वेळी राज्यभर उमेदवार उभे करण्यात ताकद पसरली. राज्यव्यापी पक्ष म्हणून मान्यता मिळवण्याची निकड त्यामागे असावी, आणि ती समजण्यासारखी आहे. तरी हा निर्णय मला या प्रकरणातील सर्वांत महागडा वाटतो.

राज्यसभा

अटलबिहारी वाजपेयी यांच्या काळात जोशी कृषिविषयक कार्यदलाचे अध्यक्ष झाले आणि २००४ मध्ये भाजप-शिवसेनेच्या मतांवर महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. १९९० च्या आसपास त्यांनी धर्माच्या नावाने चालणाऱ्या राजकारणावर, विशेषतः शिवसेनेच्या ग्रामीण प्रसारावर, कठोर टीका केली होती आणि कार्यकर्त्यांना त्याविरुद्ध उभे केले होते. ज्यांनी त्या काळात गावात धमक्या सोसल्या त्यांना २००४ चा निर्णय समजावून सांगणे सोपे नव्हते. जोशी यांची बाजूही दुबळी नव्हती. आर्थिक खुलेपणाच्या दिशेने ज्या आघाडीने काही पावले टाकली तिच्यासोबत जाऊन संसदेत आपली मांडणी करता येते, आणि थेट निवडणुकीतून ती संधी मिळत नाही हे सिद्ध झाले होते.

या युतीमुळे संघटना फुटली. कोल्हापूर जिल्ह्यातील राजू शेट्टी बाहेर पडले आणि त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. त्याच वर्षी ते शिरोळमधून आमदार झाले आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले. ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत गावागावातून वर्गणी काढून त्यांनी प्रचार केला. मागणी जवळजवळ तीच, उसाचा दर. पण ती एका सलग ऊसपट्ट्यात होती, उमेदवार त्याच मातीतील शेतकरी होता, आणि दरवर्षी गाळप हंगामापूर्वीच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा, म्हणजे उसापोटी मिळणाऱ्या पहिल्या हप्त्याचा, आकडा ठरत असल्यामुळे मतदाराला आंदोलन आणि मत यांतील संबंध दिसत होता. शेट्टी २०१४ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीत गेले, २०१७ मध्ये बाहेर पडले आणि २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने लढताना पराभूत झाले. ज्या कोंडीवरून ते आपल्या जुन्या नेत्यापासून वेगळे झाले होते, ती त्यांच्याही वाट्याला आली.

राज्यसभेतील जोशी यांचे दोन प्रसंग नोंदवण्यासारखे आहेत. राजकीय पक्षांना नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा जाहीर करावी लागते ही अट लोकप्रतिनिधित्व कायद्यातून काढावी, असे अशासकीय विधेयक त्यांनी मांडले. आणि ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले तेव्हा ते एकमेव विरोधी मत त्यांचे होते. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला त्यांचा विरोध नव्हता. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीत फिरते ठेवल्यास कोणाही प्रतिनिधीला आपला मतदारसंघ जोपासण्याचे कारण उरत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. चांदवडचे अधिवेशन घडवणाऱ्या माणसाने हे मत दिले हे अनेकांना खटकले. माझ्या मते त्यांचा आक्षेप गंभीर होता, पण तो ज्यांच्याविषयी होता त्या शेतकरी स्त्रियांसमोर आधी मांडून, त्यांच्याकडून तपासून घेऊन तो सभागृहात आला असता तर त्याला वेगळे वजन आले असते.

फलित

निवडणुकीच्या मोजपट्टीने पाहिले तर पक्षाच्या हाती फार थोडे लागले. २००४ च्या विधानसभेत स्वतंत्र भारत पक्षाचे एकमेव आमदार राजुऱ्याचे वामनराव चटप होते. १२ डिसेंबर २०१५ रोजी जोशी यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा संघटना अनेक गटांत विभागलेली होती.

धोरणाच्या मोजपट्टीने चित्र वेगळे दिसते. शेतमालाचा भाव हा उत्पादन खर्चाशी जोडूनच मागायचा असतो, ही गोष्ट आज कोणत्याही पक्षाला नाकारता येत नाही. १९८० पूर्वी महाराष्ट्रात ती प्रतिष्ठित मागणी नव्हती. शेतकऱ्याची गरिबी आळसातून किंवा लग्नातल्या उधळपट्टीतून येते असे म्हणणाऱ्यांना आज सभेत उत्तर मिळते, आणि ते उत्तर हिशेबासह देणारे शेतकरी गावागावात आहेत. निर्यातबंदीची टांगती तलवार मात्र कांद्यावर अजून आहे. डिसेंबर २०२३ मध्येही ती बंदी आली आणि नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव थांबले.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, १९८५ मध्ये पाठिंबा देताना अटी लेखी आणि जाहीर असायला हव्या होत्या, आणि त्या मोडल्यास पाठिंबा कोण व कसा काढून घेणार हे अधिवेशनात ठरायला हवे होते. संघटनेला औपचारिक सभासदत्व आणि निर्णयप्रक्रियेचे ओझे नको होते. त्यामुळे आंदोलन चपळ राहिले, पण राजकीय निर्णय एका व्यक्तीच्या आकलनावर अवलंबून राहिले. ते आकलन असाधारण होते म्हणूनच त्याला प्रश्न विचारणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

दुसरी, १९९० मध्ये जिंकलेले मोजके मतदारसंघ आणि महिलांनी जिंकलेल्या ग्रामपंचायती यांना जोडणारे काम पुढची दहा वर्षे व्हायला हवे होते. सोसायटी, बाजार समिती आणि जिल्हा परिषद या पायऱ्या संघटनेने तुच्छ मानल्या, कारण तिथे भ्रष्टाचार आणि गटबाजी होती. पण शेतकऱ्याच्या मतावरची भीती नेमकी त्याच पायऱ्यांवर बसलेली होती. ज्या गावात ऊसतोडीची पाळी आणि पीककर्जाचा अर्ज आपल्या माणसाच्या हातात आहे, त्या गावातील शेतकऱ्याला कारखान्याविरुद्ध मत देणे परवडते. शेट्टी यांनीही आमदारकीपूर्वी जिल्हा परिषदेची निवडणूक जिंकलेली होती.

तिसरी गोष्ट २००४ च्या निर्णयाची. राज्यसभेची जागा घ्यायची की नाही याहून, ती घेण्यापूर्वी कोणाशी बोलायचे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ज्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना या युतीची झळ पोचणार होती, त्यांच्या बैठका आधी घेऊन, असहमत असलेल्यांना संघटनेत राहून वेगळी निवडणूक भूमिका घेण्याची मोकळीक दिली असती, तर ऊसपट्टा आणि कापूसपट्टा यांच्यातील फूट कदाचित टळली असती. अशी मोकळीक देणे हे त्यांच्या स्वातंत्र्यवादी विचारालाही धरून झाले असते.